कुंपणाच्या कापणीचा जमाखर्च

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी म्हण आहे. आपल्या घरादारांच्या, शेतांच्या आणि शाळा-महाविद्यालयांच्या कुंपणांची जी कापणी होते तिच्या नशिबी मात्र उकिरडाही नसतो. पावसाळ्यात कोयनेल, मेंदी, जास्वंद, डुरांटा, अडुळसा, निर्गुडी ही झुडपे माजतात. दिवाळीच्या सुमारास ती छाटली जातात. छाटलेला ढीग चार दिवस कोपऱ्यात वाळतो आणि एके दिवशी त्याला काडी लावली जाते. त्याच आवारातील बागेसाठी पुढे बाजारातून खताचे पोते येते. एका हाताने जाळायचे आणि दुसऱ्या हाताने विकत घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार कितपत तोट्याचा आहे, झुडपांच्या फांद्यांचे खत कसे होते, आणि त्याचा हिशेब मांडताना काय धरावे व काय सोडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय शेतकीचा असला तरी त्याच्या मुळाशी भांडवल, उत्पन्न आणि घसारा हेच प्रश्न आहेत. म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात लक्ष घातले तर ते वावगे ठरू नये.

फांदीत असते काय?

झाडाच्या कोरड्या वजनाचा साधारण पंचेचाळीस टक्के भाग कर्बाचा असतो. हा कर्ब झाडाने हवेतून घेतलेला असतो. उरलेल्या भागात नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक इत्यादी द्रव्ये असतात. ती मुख्यतः जमिनीतून आलेली असतात. ही सर्व द्रव्ये फांदीत सारखी वाटलेली नसतात. पाने, कळ्या, साल आणि कोवळे शेंडे यांत ती अधिक असतात, तर आतल्या लाकडात फारच कमी. म्हणून एकाच झुडपाचा पाला आणि त्याचेच बोटाएवढे जाड दांडके ही खताच्या दृष्टीने दोन वेगळी द्रव्ये समजली पाहिजेत.

हा फरक मोजण्याचे माप म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर. एक भाग नत्रामागे कर्बाचे किती भाग आहेत, हे त्यावरून कळते. गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्यात हे प्रमाण बारा ते पंधरा असते, शेणात विसाच्या आसपास, भाताच्या पेंढ्यात साठ ते ऐंशी आणि लाकडाच्या भुशात दोनशेपासून पाचशेपर्यंत.

या आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी कुजण्याची क्रिया पाहावी लागते. पालापाचोळा कुजवितात ते जमिनीतील जिवाणू आणि बुरशी. त्यांच्या स्वतःच्या शरीरात सुमारे आठ भाग कर्बामागे एक भाग नत्र असतो. खाल्लेल्या कर्बापैकी बराचसा ते श्वासावाटे हवेत सोडतात. हे सर्व धरले तर त्यांना पंचवीस भाग कर्बामागे एक भाग नत्र मिळाला की त्यांचे भागते. पाल्यात नत्र याहून जास्त असेल, तर जास्तीचा नत्र पिकाला मिळतो. कमी असेल, तर सूक्ष्मजीव तो तुटवडा जमिनीतील नत्र उचलून भरून काढतात आणि तेवढा काळ पीक उपाशी राहते.

लाकडाचा भुसा किंवा जाड काटक्यांचे तुकडे मातीत मिसळले की रोपे पिवळी पडतात, त्याचे कारण हेच. पुष्कळ लोक एकदा असा अनुभव घेतात आणि कापणीचे खत होत नाही असे ठरवून मोकळे होतात. वस्तुतः ती नत्राची तात्पुरती उचल असते. सूक्ष्मजीव मेले की नत्र पुन्हा जमिनीत जमा होतो. पण तोपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. हेच तुकडे मातीत न मिसळता जमिनीवर नुसते अंथरले, तर ही उचल फक्त मातीच्या अगदी वरच्या थरातून होते. खालच्या मुळांना तिची झळ लागत नाही. तेव्हा कोवळा पाला गाडावा आणि लाकूड अंथरावे, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

तीन जुने हिशेब

झुडपांच्या व झाडांच्या फांद्या शेतीला लावण्याची चाल आपल्या भागात नवी नाही. तिचे तीन प्रकार आपल्या आसपास सापडतात, आणि तिन्हींचे हिशेब वेगवेगळे आहेत.

पहिला प्रकार राबाचा. कोकणात व सह्याद्रीच्या कुशीत भाताचे रोप टाकण्याच्या जागेवर शेण, तोडलेले कवळ, गवत आणि वर मातीचा पातळ थर घालून उन्हाळ्याच्या अखेरीस ते भाजतात. शेतीतज्ज्ञ डॉ. व्होएल्कर यांच्या १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानातील शेतीवरील अहवालातही राबाची चर्चा आहे. राबाचे फायदे खरे आहेत. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, आणि राखेतील पालाश, चुना व स्फुरद रोपांना लगेच मिळतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली चाल अडाणीपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. परंतु आगीत कर्ब तर जातोच, नत्र व गंधकही बहुतांशी हवेत उडतात. उरलेली राख पहिल्या जोरदार पावसात वाहून जाऊ शकते. एका गुंठ्यातील रोपासाठी डोंगरावरचे कितीतरी कवळ खर्ची पडते. हे भांडवल मोडून खाणे झाले.

दुसरा प्रकार उत्तर कन्नड जिल्ह्यातील सोप्पिन बेट्टांचा. कन्नडमध्ये सोप्पु म्हणजे पाला आणि बेट्ट म्हणजे डोंगर. शिरसीकडच्या सुपारीच्या बागायतदारांना इंग्रजी अमदानीत पाला तोडण्यासाठी जंगलाचे भाग नेमून दिलेले होते, आणि ते प्रमाण एका एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत होते. हा पाला गोठ्यात गुरांखाली अंथरतात, शेणामुताबरोबर कुजवितात, तसेच बागेत झाडांच्या बुडाशी पसरतात. येथे काही जळत नाही, त्यामुळे राबापेक्षा हा व्यवहार पुष्कळच शहाणपणाचा. परंतु नऊ आणि एक हे प्रमाण बोलके आहे. एका एकराची सुपीकता टिकविण्यासाठी नऊ एकरांवरून पाला आणावा लागतो. अर्थात ही सुपीकता नवी निर्माण झालेली नसून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळती केलेली असते. बेट्टाची तोड प्रमाणाबाहेर झाली तिथे ते उजाड झाले.

तिसरा प्रकार बांधावरच्या लागवडीचा, आणि त्यातील मुख्य झुडूप म्हणजे गिरिपुष्प. हे मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. तिकडे कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी ते लावीत, म्हणून स्पॅनिश भाषेत त्याला ‘कोकोची आई’ असे नाव पडले. त्याच्या बिया व साल उंदरांना विषारी असल्याने आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. ग्लिरिसिडिया या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच आहे. कन्नडमध्ये मात्र त्याचे नाव अधिक समर्पक आहे. तेथे त्याला ‘गोब्बरद गिड’, म्हणजे खताचे झाड, म्हणतात. हे झुडूप शेंगवर्गातील असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून घेतात. बांधावरच त्याच्या फांद्या लावल्या की त्या फुटतात, दरवर्षी छाटल्या तरी पुन्हा वाढतात, आणि चवीमुळे मोकाट गुरे सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्याचा नत्र दुसऱ्याच्या जंगलातून आणलेला नसतो. तो आपल्याच बांधावर झालेला नवा जमा असतो.

कोकणात व घाटमाथ्यावर डॉ. ना. कृ. सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री भातशेतीत गिरिपुष्पाचा हिरवा पाला हे एक सूत्रच आहे. चिखलणीपूर्वी साधारण आठवडाभर दर गुंठ्याला तीस किलो पाला खाचरात पसरायचा. एक-दोन दिवसांत पाने गळून पडतात. मग उघड्या काटक्या गोळा करून चुलीला नेता येतात. पाला जमिनीला आणि काटकी चुलीला, अशी ही वाटणी ज्या घरात अजून लाकडावर स्वयंपाक होतो तेथे फार सोयीची आहे.

इंदूरची पद्धत

पाला आणि काटक्या वेगळ्या करणे शक्य नसेल, तर मिश्र ढिगाचे कंपोस्ट करावे. याचे शास्त्र ज्या ठिकाणी बांधले गेले ते इंदूर होय. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून पुसा येथे होते. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम केले. तेथील त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी लिहिलेले शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. ‘इंदूर पद्धत’ हे नाव पुढे जगभर गेले. त्यात वाड यांचा वाटा होता, ही गोष्ट इंदूरबाहेरच्या मराठी वाचकांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यांच्यापुढे नेमका आपलाच प्रश्न होता, कारण कापसाची व तुरीची पराटी लाकडासारखी कडक असते. त्यांनी ती शेतावरच्या रस्त्यांवर टाकली आणि गाड्यांच्या चाकांखाली ठेचून घेतली. हिरवा पाला त्यांनी आधी सुकवून घेतला. मग हे सर्व मिसळून गुरांखाली अंथरले, आणि तेथून शेणकाला, मूत्राने भिजलेली माती व राख यांसह उथळ खड्ड्यांत भरले. खड्डे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि अवघे दोन फूट खोल होते. तीन वेळा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. पद्धतीचे मर्म एवढेच, की कडक आणि कोवळे, कोरडे आणि ओले यांचे मिश्रण असावे, आणि हवा व पाणी यांपैकी कशाचीही कमतरता पडू नये.

याच मार्गावर पुढे आणखी पद्धती निघाल्या. बंगळूर येथे डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास बसविलेल्या पद्धतीत खड्डा उलथावा लागत नाही. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ पद्धतीत विटांचे जाळीदार, तीन फूट उंचीचे टाके असते. त्यात शेण थोडे आणि पालापाचोळा जास्त लागतो, व तीन ते चार महिन्यांत खत मिळते. ज्यांच्याकडे गुरे कमी आहेत त्यांना ही शेवटची पद्धत सोयीची आहे.

प्रत्यक्ष काय करावे?

कापणी झाल्यावर प्रथम ती निवडावी. यासाठी पेन्सिलीच्या जाडीचे माप पुरे.

१) पाला व कोवळे शेंडे. हे भाजीच्या वाफ्यात किंवा खाचरात लागणीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावेत. हे रोख रकमेसारखे लगेच हाती येणारे खत आहे.

२) पेन्सिलीपेक्षा बारीक, पानांसह असलेल्या काटक्या. कोयत्याने दोन-तीन इंचांचे तुकडे करून त्यांचा ढीग घालावा. ढीग लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही बाजूंनी निदान तीन फुटांचा असावा. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. सहा इंच काटक्या, त्यावर हिरवा पाला किंवा गवत, त्यावर शेणकाला आणि मूठभर माती, असे थर द्यावेत. ओल किती असावी याची परीक्षा सोपी आहे. मूठभर पदार्थ हातात पिळला तर एखाद-दुसरा थेंब सुटावा, धार लागू नये. चांगल्या ढिगाचे आतले उष्णतामान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्यात तणाचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. म्हणजे राबापासून मिळणारा एक फायदा आग न लावताच मिळतो. ढीग निवत आला की उलथावा.

३) पेन्सिलीपेक्षा जाड काटक्या. यांचे तुकडे करून फळझाडांच्या आळ्यांत दोन ते चार इंचांचा थर अंथरावा. बुंध्याभोवती अर्धा फूट जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल कुजते. पाऊस संपता संपता, जमिनीत ओल असतानाच आच्छादन घालावे. कोरड्या जमिनीवर घातले तर ती कोरडीच राहते.

आच्छादनाचे काम केवळ खताचे नाही. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की तिचे कण फुटतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहते. आच्छादन तो मार स्वतःवर घेते. उन्हाळ्यात ते माती तापू देत नाही, ओल उडू देत नाही आणि तण दाबून ठेवते. खालून गांडुळे त्याचा निकाल लावीत असतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यात दोन्ही टोकांना त्याची गरज आहे. पश्चिमेला खानापूरकडे मुसळधार पावसाने जांभ्या उतारावरची माती धुपते, तर पूर्वेला अथणीकडे पाऊस कमी आणि ऊन फार.

काही सावधगिरी मात्र हवी. शेराच्या चिकाने कातडी व डोळे यांना इजा होते, म्हणून त्याच्या वाट्यास जाऊ नये. कण्हेर व घाणेरी गुरांना विषारी आहेत. त्यांचा पाला गोठ्यात अंथरू नये. घाणेरी फळे धरण्यापूर्वीच कापावी, नाहीतर खताबरोबर तिचे बीही पेरले जाते. गिरिपुष्प व कोयनेल यांच्या ओल्या काड्या जमिनीवर पडल्या तरी मुळे धरतात, म्हणून आच्छादनापूर्वी त्या चांगल्या वाळवाव्यात. रोगट फांद्या मात्र खुशाल जाळाव्यात. वाळवीचा उपद्रव असेल तेथे जाड लाकूड लहान रोपांजवळ टाकू नये.

आता जमाखर्च

गुंठ्याला तीस किलो, म्हणजे एकराच्या चाळीस गुंठ्यांना बाराशे किलो हिरवा पाला लागेल. त्यात पाऊण भाग पाणी असते. ते वजा जाता तीनशे किलो कोरडा पाला राहिला. गिरिपुष्पाच्या पाल्यात अडीच ते साडेतीन टक्के नत्र असतो. मधला तीन टक्क्यांचा आकडा धरला तर नऊ किलो नत्र झाला. युरियात ४६ टक्के नत्र असल्यामुळे तेवढ्या नत्रासाठी सुमारे वीस किलो युरिया पुरतो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची सरकारने ठरविलेली किंमत, कर व निंबोळी-लेपनाचा आकार सोडून, २०१८ पासून २४२ रुपये आहे. म्हणजे बाराशे किलो पाल्यातील नत्राची किंमत सुमारे एकशेदहा रुपये. एवढ्यात एका माणसाची एका दिवसाची मजुरीही भागत नाही, आणि एवढा पाला एक माणूस एका दिवसात तोडून, वाहून, पसरू शकत नाही.

हिशेब येथेच थांबविला तर निष्कर्ष उघड आहे. पाला तोडू नये, युरिया आणावा. अनेक शेतकरी नेमका हाच हिशेब करतात, आणि त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. चूक त्यांच्या बेरजेत नसून खातेवहीत आहे. एक तर युरियाची ही किंमत खरी नव्हे. उत्पादनखर्चाचा मोठा भाग सरकार अनुदान म्हणून भरते. पालाशयुक्त खत तर देशाला जवळजवळ सगळेच बाहेरून आणावे लागते. पाल्यातील पालाश, चुना व सूक्ष्मद्रव्ये वरील हिशेबात धरलेलीच नाहीत. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्ब. युरियाच्या पोत्यातून जमिनीचा सेंद्रिय कर्ब भरून निघत नाही. जांभ्या जमिनीतील चिकणमातीला पोषकद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद कमी असते. ते काम बहुतांशी सेंद्रिय कर्बच करतो. तो नसेल तर विकतचा युरियाही पावसाबरोबर ओढ्याला जातो.

परंतु दुसऱ्या बाजूनेही अतिशयोक्ती नको. आपल्याकडील माती-परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यापेक्षा कमी असला तर जमीन कमी प्रतीची आणि ०.७५ च्या वर असला तर चांगली मानतात. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे नऊशे टन असते. तीत कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा म्हणजे नऊशे किलो कर्ब टिकवून ठेवायचा. वरील तीनशे किलो कोरड्या पाल्यात कर्ब एकशे पस्तीस किलो. त्यातला बहुतेक कुजताना हवेत जातो. वर्षाअखेर पाचवा हिस्सा उरला असे धरले तर सत्तावीस किलो. या गतीने नुसत्या पाल्याच्या बळावर एक दशांश टक्का वाढवायला तेहतीस वर्षे लागतील!

या आकड्याने निराश होण्याचे कारण नाही. त्यातून दोन बोध घ्यावयाचे. एक, एकट्या पाल्याने भागणार नाही. शेण, पिकाचे धसकट आणि सावकाश कुजणारे लाकूड हे सर्व जमिनीला परत गेले पाहिजे. दोन, ही आवर्ती ठेव आहे. तिचा हप्ता दरवर्षी भरावा लागतो, आणि कापणीला काडी लागते त्या वर्षी हप्ता चुकतो. जी ठेव साठायला एक पिढी लागते ती मोडायला दोन-चार पावसाळे पुरतात.

समारोप

वाणिज्य शाखेत आपण शिकतो की भांडवलातून केलेला खर्च नफा म्हणून दाखविणे हा खोटा ताळेबंद होय. जमिनीच्या बाबतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या असाच ताळेबंद मांडीत आलो आहोत. पीक उत्पन्नाच्या बाजूला लिहिले, पण झिजलेल्या मातीचा घसारा कोठेच लिहिला नाही.

शेतकऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आपण आपल्या आवारापासून आरंभ करावा हे बरे. शेतकऱ्याला मजुरीची अडचण आहे. आपल्याला तीही नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी एक दिवस दिला तर तीन फुटांचे दोन-चार ढीग सहज उभे राहतील, आणि दिवाळीत छाटलेल्या कुंपणाचे खत होळीच्या सुमारास हाती येईल. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ढिगाचे उष्णतामान नोंदवावे, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मातीचा कर्ब मोजावा, आणि वजन, श्रमाचे तास व वाचलेला पैसा यांची वही वाणिज्य शाखेने ठेवावी. पाच वर्षे अशी वही नीट राखली गेली, तर आसपासच्या गावांना दाखविण्यासारखे आपल्याच मातीचे आकडे महाविद्यालयाजवळ असतील.